तिसरी फेरी

काळी खिडकी, पांढरी अक्षरं.
झीलाटेक, एक जागा सोडून कोश. एंटर.
ओळी खालून वर सरकत जातात
वाचता येऊ नये इतक्या घाईत.

सासरे मागे, प्लॅस्टिकच्या स्टुलावर.
बेलापूरच्या शाळेत एकतीस वर्षं घंटा दिली
आणि उरलेल्या हजेरीपटांत
मुलांच्या नावांच्या जागी शब्द लिहिले:
बोकशी. डोल. पाग. निवटी. सुकती.
पुढच्या चौकटींत, कोणत्या महिन्यात
कुणाच्या तोंडून ऐकला.
भांग सात वर्षं हजर.
काहींच्या पुढे जूननंतर नुसती फुली.

छापखाना चरईत, ठाण्याला. त्यांना पीडीएफ हवी.
म्हणजे काय, तर ज्यात मग काही हलत नाही,
असं मी सांगितलं होतं.
बराच वेळ विचार करून म्हणाले,
"म्हंजे सुका बोंबील."

यंत्र मध्येच कुरकुरतं.
ओळ एकशे चार, समासाबाहेर
साडेतीन पॉइंट.
"काय बोलतंय?"
ओळ मापात बसत नाही, बाहेर गेली.
"गावठानाच्या भायेर? मंग नोटीस येलच."
आमचं स्वयंपाकघरही त्या रेघेबाहेर साडेतीन फूट,
सिडकोचा कागद फ्रिजवर, लोहचुंबकाखाली.
त्यापेक्षा हे बरं.
बोलून दाखवतं आणि राहू देतं.

जाला, कोली, डोला.
त्यांच्या जिभेवर ळ नाही.
शुद्धलेखनवाला पानभर लाल रेघा ओढत सुटला,
शेवटी मी त्यालाच बंद केलं.

पण व च्या पानावर अडले.
वऱ्हाड म्हणून लिहिलेलं,
आणि उमटलं होतं: व, रिकामी चौकट, हाड.
र ची ती आडवी पापणी
फाँट करणाऱ्याला माहीतच नसावी.
मी अकोल्याची.
वऱ्हाडातून वऱ्हाडाबरोबर आले,
वऱ्हाड परत गेलं, मी दिवाळे गावात राहिले:
एवढं एक वाक्य
त्या फाँटात मला लिहिता आलं नसतं.

दोन रात्री गेल्या.
एक फाँट, दुसरा. तिसऱ्यात पापणी सापडली
पण ओळींची उंची फुगली
आणि दोनशे बारा पानांची दोनशे चाळीस झाली.
सासऱ्यांनी बोटांवर कागदाचा खर्च मोजला,
मग मूठ मिटली.
"ऱ्हावदे. तुजा गाव मोठा हाय."

आता सूची.
पहिल्या फेरीत पानांच्या आकड्यांजागी प्रश्नचिन्हं,
जोडीजोडीने.
कोण कुठे राहतं हे यंत्राला अजून ठाऊक नसतं.
दुसऱ्या फेरीत आकडे येतात,
आकडे जागा खातात, पानं पुढे सरकतात,
आणि आलेले आकडे खोटे ठरतात.
मी कपाळाला हात लावते.
मागून, शांतपणे:
"येकदा जाला टाकून मावरा गावते काय?"

वरचा बाण. तीच कमांड परत येते, टाइपही करावी लागत नाही.
एंटर.
पावणेबारा. बंदराकडे कुणीतरी इंजिन चालू करून बघतंय,
धरत नाही, धरत नाही, धरलं.

कोश. दोनशे चाळीस पानं. एकही प्रश्नचिन्ह नाही.
पान दोनशे पाच उघडते: वऱ्हाड, पापणीसकट.
ते पडद्याला न शिवता
काचेवरून वीतभर दूर बोट फिरवत वाचतात,
उठतात, स्टूल भिंतीला लावतात,
आणि दारात थांबतात.

"एक ऱ्हायला."

कुठला?

ओठ हलतात, शब्द येत नाही.
उजवा हात मात्र कोपरापर्यंत हवेत बुडतो,
पंजा पसरलेला, बोटं सावकाश,
खाजणाच्या चिखलात
निवटीच्या बिळाशी जावीत तशी.

मी पीडीएफ मिटते, मूळ फाइल उघडते.
कुठल्या अक्षराखाली जायचं ते कळत नाही,
म्हणून अगदी शेवटी, रिकाम्या ओळीवर.
त्यांचा हात अजून आत आहे.
कर्सर उघडमीट करतो.